गाडी उचलताना पुढून कट आवाज : दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट बदलायलाच हवेत का?

निशिगंध (पुणे)

नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, २०१७ ची, ७८ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापासून "तेव्हाच सांगितलं होतं, दुसरी घ्या" सुरू होतं.

हल्ली अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढून कट असा लोखंडी आवाज येतो. आधी कधीतरी यायचा, आता रोज. ओळखीच्या गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, चाकाकडे जाणारा दांडा हाताने आत-बाहेर सरकवून दाखवला आणि म्हणाले, "बघा मॅडम, केवढा प्ले आहे. दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट गेलेत." एस्टिमेट २३,५००, लेबर वेगळं. घरच्यांचं म्हणणं, बदलून टाक आणि मोकळी हो. पण गाडी वळवताना आवाज येत नाही, आणि मी जिथे जिथे वाचलं तिथे ड्राइव्ह शाफ्टचा आवाज वळताना येतो असंच होतं. म्हणून पैसे भरायच्या आधी इथे विचारतेय. ऑडिओ जोडलाय, पण त्यात शेजारच्या रिक्षाचाच आवाज जास्त आहे.

रानवारा (राजापूर)

आधी टायर बघा. हसू नका. कच्च्या रस्त्यावरून आलं की टायरच्या खाचेत खडा बसतो आणि डांबरी लागली की टक टक सुरू होते. खड्याऐवजी स्क्रू निघाला तर घरी उपटू नका, पंक्चरवाल्याच्या दारात उपटा. व्हीलकॅपही काढून एक चक्कर मारा, क्लिप तुटलेली असली की तीपण वाजते.

वऱ्हाडी_गिअर (नागपूर)

ताई, पेट्रोलचं पाहा पहिले. हे ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आलं तेव्हापासून सगळ्यांच्या गाड्या वाजून राहिल्या. माझीपण चढावर वाजते. पंप बदलून पाहा.

आजोबांची_फियाट (दादर)

वऱ्हाडीभाऊ, ई२० वर रागवायला कारणं आहेत. मायलेज थोडं घटतं, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांना इथेनॉल सोसत नाही. पण नॉकिंगचं, म्हणजे इंजिनात इंधन अवेळी पेटून होणाऱ्या खडखडीचं, खापर त्याच्यावर फोडू नका. इथेनॉलचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा बराच वर आहे, त्यामुळे ते मिसळल्यावर नॉकिंग झालं तर कमीच होईल. तुमची गाडी चढावर वाजते ती बहुतेक चौथ्या गिअरमध्ये बारा-पंधराशे आरपीएमला पाय पूर्ण दाबल्यामुळे. एक गिअर खाली घ्या. आवाज गेला तर प्रश्न मिटला. राहिला तर इंजिनात साठलेला कार्बन, चुकीचा स्पार्क प्लग किंवा इंजिन जास्त तापणं, या तिन्हीकडे बघा.

तसंही तो आवाज डब्यात चणे खुळखुळवल्यासारखा असतो. निशिगंध यांनी लिहिलंय ते एकेक कट आहे. प्रकार वेगळा वाटतो.

पाना_पक्कड (सांगली)

निशिगंधताई, पैसे अजून भरू नका.

मी स्वतः गॅरेज चालवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलायला जीभ जरा अडखळते. पण तुम्हाला आत-बाहेर हलवून जे दाखवलं तो दोष नाही. शाफ्टचा गिअरबॉक्सच्या बाजूचा जॉइंट (सांधा) आत-बाहेर सरकण्यासाठीच बनवलेला असतो. चाक खड्ड्यात उतरलं की चाक आणि गिअरबॉक्स यांच्यातलं अंतर बदलतं, ते कुठेतरी भरून निघायला नको का? शोरूममधून आज बाहेर पडलेल्या गाडीचा शाफ्टही तसाच सरकेल. गिऱ्हाइकाला तो हलताना दिसतो, मग गिऱ्हाईक घाबरतं. तपासायची पद्धत वेगळी आहे. एका हाताने जॉइंटची बाहेरची वाटी घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने दांडा पिळायचा. पिळताना हाताला खडखड लागली तर जॉइंटवर संशय घ्या. आणखी एक गोष्ट. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना गिअर टाकून फिरवलं तर शाफ्टचा कोन नेहमीपेक्षा तिरका होतो आणि चांगला जॉइंटही कुरकुरतो. त्यावरून निकाल देऊ नये.

आता तुमचं काम. पाना हातात घ्यायच्या आधी एवढंच ठरवायचं, की आवाज कशाच्या जोडीने येतो. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, चाकाच्या फेऱ्यांबरोबर, की नुसता जोर पडला-सुटला की?

गाडी उभी, न्यूट्रल, रेस द्या. वाजली तर इंजिन किंवा सायलेन्सरकडे बघायचं, ड्राइव्ह शाफ्टचा विषय तिथेच बंद. नाही वाजली तर चालवून बघा आणि आवाज मोजायचा प्रयत्न करा. १८५/६५ आर१५ टायरचा घेर दोन मीटरला थोडा कमी भरतो. म्हणजे ताशी २० ला चाक सेकंदाला जेमतेम तीन फेऱ्या मारतं. एवढं कानाने सहज मोजता येतं. इंजिन मात्र १५०० आरपीएमला सेकंदाला २५ फेऱ्या घेतं. टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग) त्याच्या निम्म्याने वाजलं तरी बारा-तेरा ठोके झाले, ते कुणाला मोजता येणार? ती सलग तर्र लागते. थोडक्यात, मोजता आला तर चाकाकडचा, नाही आला तर इंजिनाकडचा. आणि एकदाच कट होऊन गप्प बसला तर जोर बदलताना काहीतरी सरकतंय.

बाजू ओळखायची तर एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला लागून हळू चालवा. काचा खाली, एसी आणि गाणी बंद, दुसरा गिअर. भिंत आवाज परत फेकते. येताना भिंत दुसऱ्या बाजूला ठेवून या. मग मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, आणि हलका अ‍ॅक्सिलरेटर. शेवटी रिव्हर्स घेऊन लगेच पुढे. हे सगळं करून इथे लिहा.

टोरांटोकर (कॅनडा)

इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने सायलेन्सरवरचे उष्णतारोधक पत्रे बोल्टपाशी गंजून सुटतात आणि ठरावीक आरपीएमला थरथरायला लागतात. इंजिन पूर्ण थंड असताना मुठीने ठोकून बघा. समुद्रकाठच्या गाड्यांना तिकडेही होत असणार.

रानवारा (राजापूर)

होतं. मी होज क्लिप लावून आवळून टाकलाय, अजून टिकून आहे.

निशिगंध (पुणे)

पाना-पक्कड दादा, सांगितलं तसं केलं. आमच्या मागे कालव्याच्या बाजूला लांबच लांब भिंत आहे, रविवारी सकाळी तिथे कुणी नसतं. मागच्या सीटवर मुलाला बसवलं होतं, त्याचे कान माझ्यापेक्षा तिखट.

टायरमध्ये खडा-स्क्रू काही नाही. व्हीलकॅप काढली तरी तेच. उभ्या गाडीत तीन हजारांपर्यंत रेस दिली, एकदम शांत. मोजायचं म्हणालात, पण मोजायला दुसरा ठोका येतच नाही. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलली की एक कट, मग काही नाही. चालत्या गाडीत पाय काढून पुन्हा दाबला की पुन्हा एक. सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये पाय सतत वर-खाली होतो म्हणून मला ती कटकट वाटत होती. रिव्हर्स घेऊन पुढे घेतली की हमखास, आणि तोच सगळ्यात मोठा. मैदानात स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून गोल फिरवली, सुरुवातीचा एक कट सोडला तर टकटक अजिबात नाही. भिंत डावीकडे असताना आवाज स्वच्छ येतो, उजवीकडे असताना जवळजवळ नाहीच. मुलगा म्हणतो आवाज पुढच्या डाव्या चाकातून येतो, बॉनेटमधून नाही.

चौथा_गिअर (ठाणे)

डावीकडून आवाज म्हणजे डावा आउटर (चाकाकडचा) जॉइंट, विषय संपला. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं, तेव्हा वाजला की समजायचं डावा गेला.

दिवा_डिपर (कोल्हापूर)

उलटं सांगताय राव. आतल्या बाजूचं चाक जास्त वळतं, जॉइंटचा कोन तिथे जास्त. डावीकडे वळताना डावा वाजतो. मी स्वतः बदललाय.

चौथा_गिअर (ठाणे)

तुमचा मेकॅनिक दोन्ही बदलून एकाचं बिल दाखवत नसेल कशावरून?

दिवा_डिपर (कोल्हापूर)

एकाचं बिल आणि दोन जॉइंट? असला मेकॅनिक कुठं मिळतो ते सांगा, आख्खं कोल्हापूर तिथं येईल.

आजोबांची_फियाट (दादर)

तुम्ही दोघंही अर्धे बरोबर आहात आणि इथे दोघांचाही उपयोग नाही.

चाकाकडच्या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या असतात आणि त्यांना धावायला वाकड्या खाचा. आल्फ्रेड रझेप्पा नावाच्या अभियंत्याने १९२० च्या दशकात याचं पेटंट घेतलं. १९५९ च्या ब्रिटिश मिनीने तो छोट्या गाड्यांत रुळवला, आणि आपल्याकडे घराघरांत आणला तो डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने. त्याआधी आमच्या पद्मिनीत मागची चाकं गाडी ढकलायची, त्यामुळे हा प्रकारच नव्हता.

गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच चालते, म्हणून खाचांची झीज मधोमध होते. वळताना प्रत्येक फेरीत गोळ्या खाचेत पुढे-मागे धावतात आणि झिजलेल्या भागाच्या काठावरून चढतात-उतरतात. तीच टकटक. चाक फिरतंय तोवर ती चालूच राहते. बाहेरच्या चाकावर भार जास्त आणि आतल्या चाकाला कोन जास्त, त्यामुळे कोणत्या वळणाला कोणता वाजेल यावर पैज लावू नये. जॉइंटवरचा रबरी बूट (आवरण) फाटलाय का आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालंय का, ते बघावं.

निशिगंध यांच्या गाडीत पूर्ण वळवूनही टकटक नाही. म्हणजे बाहेरचे जॉइंट बहुतेक ठीक. आतला जॉइंट गेला असता तर सरळ रस्त्यावर जोर दिल्यावर गाडी थरथरली असती आणि पाय काढल्यावर थरथर थांबली असती. तेही त्यांनी लिहिलेलं नाही.

पाना_पक्कड (सांगली)

आजोबांनी माझं निम्मं काम केलं.

ताई, एकच कट आणि तोही जोराची दिशा उलटली की, तर माझ्या डोक्यात तीन-चार गोष्टी येतात. इंजिनाचं माउंटिंग गेलं असेल तर आवाज धप्प येतो आणि बॉनेटमध्ये येतो, चाकात नाही. ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये सैल असला तर रिव्हर्स-फॉरवर्डला कट करतो, पण तो ब्रेक लावल्यावर. तुमच्याकडे ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, आवाज आहे. लोअर आर्मचं (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचं) बुश असेल तर ब्रेक मारतानाही जाणवेल.

उरतो हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, नट. चाकाच्या मधोमध असतो तो मोठा.

डाव्या पुढच्या चाकाचं मागे काही काम झालं होतं का? बेअरिंग, शॉकअप, लोअर आर्म, काहीही? त्या नटाचा जवळून फोटो टाका.

निशिगंध (पुणे)

हो! मागच्या पावसाळ्यात डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललंय. गुरगुर यायची म्हणून. काम दुसरीकडे केलं होतं, या गॅरेजमध्ये नाही. फोटो टाकते. नटाच्या पातळ कडेवर दोन ठिकाणी ठोकल्याच्या खुणा आहेत. त्यातली एक दांड्याच्या खाचेच्या समोर आहे, दुसरी भलतीकडेच.

पाना_पक्कड (सांगली)

फोटो बघितला. जे वाटलं तेच.

तो नट एकदाच वापरायचा असतो. आवळल्यावर त्याची पातळ कड छिन्नीने दांड्याच्या खाचेत ठोकतात, म्हणजे तो आपोआप सुटत नाही. तुमच्या नटावर दोन खुणा आहेत, म्हणजे बेअरिंगच्या कामात जुनाच नट परत लावला. दुसरी खूण खाचेसमोर नाही, म्हणजे एक तर ठोकताना खाच चुकली किंवा नट नंतर फिरला. दोन्ही वाईट.

आवाज कुठून येतो ते सांगतो. ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाला दाते असतात, ते हबच्या दात्यांत बसतात. नट आवळला की शाफ्टचा खांदा बेअरिंगच्या आतल्या कड्यावर घट्ट दाबून बसतो. हा दाब पुरेसा असला तर शाफ्ट, बेअरिंग आणि हब एकजीव फिरतात. दाब कमी झाला की अ‍ॅक्सिलरेटर दाबताना दाते एका बाजूला टेकतात, सोडल्यावर दुसऱ्या बाजूला, आणि खांदा बेअरिंगवर घसरतो. घसरला की कट. मग जोर त्याच दिशेला असेपर्यंत गप्प. रिव्हर्स-फॉरवर्डला सगळ्यात मोठा का, तेही यावरून कळेल. दाते पूर्ण एका बाजूकडून पूर्ण दुसऱ्या बाजूला जातात.

आवाजापुरतं असतं तर म्हणालो असतो सवडीने करा. पण त्याच दाबावर बेअरिंगची बैठक टिकून असते. नट सैल राहिला तर नवं बेअरिंग लवकर खराब होतं आणि पुढे हबचे दातेही खाल्ले जातात. घाटात तर नेऊच नका. जवळच्या गॅरेजपर्यंत हळू न्या, नाहीतर मेकॅनिकला घरी बोलवा.

खात्री हवी असेल तर पांढऱ्या मार्करने नटावरून दांड्याच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढा आणि सोसायटीच्या आवारातच पुढे-मागे करा. रेघ तुटली तर नट फिरतोय. नाही तुटली म्हणून दाब बरोबर आहे असं मात्र नाही. नट न फिरताही दाब कमी असू शकतो.

वऱ्हाडी_गिअर (नागपूर)

पाना भाऊ, मग हवेच्या गनने कडक आवळून दिला तर होत नाही का? आमच्या इकडे सगळे गननेच मारतात.

पाना_पक्कड (सांगली)

होत नाही भाऊ. गन किती जोर देते ते गनलाही माहीत नसतं. कंप्रेसरमध्ये हवा कमी असली की नट सैल राहतो, जास्त असली की बेअरिंगवर भलता ताण. या नटाचा टॉर्क (आवळायचा नेमका जोर) प्रत्येक गाडीला वेगळा असतो आणि तो मोठा असतो, त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेला. सोडवायला गन चालेल, शेवटचं आवळायला टॉर्क रेंचच. गॅरेजमध्ये टॉर्क रेंच आहे का, हे विचारायला लाजू नका. नसेल तर दुसरं गॅरेज शोधा.

आणि कामासाठी नट सोडवलेला असताना चाक जमिनीवर टेकवून गाडी ढकलू नका. बेअरिंगवर गाडीचं वजन येतं आणि ते तिथेच खराब होऊ शकतं.

निशिगंध (पुणे)

काम झालं. आवाज पूर्ण गेला. सविस्तर लिहिते, कारण बरेच जण वाचतायत असं दिसतंय.

रेघ तुटली. आवारात दोन-चारदा पुढे-मागे केल्यावरच नटावरची रेघ आणि दांड्यावरची रेघ यांच्यात काडीच्या जाडीएवढं अंतर पडलं. मग धायरीच्या बाजूच्या एका लहान गॅरेजला फोन करून पहिला प्रश्न टॉर्क रेंचचा विचारला. पलीकडून उत्तर आलं, "आहे, पण आज कुणी विचारतं का हो हे!" त्यांनीच पोरगा पाठवला आणि जॅक-स्टँड लावून पार्किंगमध्येच काम केलं.

नट साध्या रॅचेटने सुटला, वर पाइप घालून जोर लावायची वेळच आली नाही. तो पोरगा स्वतःच म्हणाला, "हा असा सुटायला नको, मॅडम." नकल (हब धरणारा भाग) बाजूला झुकवून शाफ्ट बाहेर काढला तर दात्यांवर तांबूस भुकटी, आणि खांद्यावर घासून चकचकीत झालेली कडी. तो बोटाने दाखवत होता: इथे टेकायला पाहिजे तिथे घासत होतं. मग वायर ब्रशने दाते साफ केले, पुसले, मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस अगदी पातळ लावलं. हाताने बेअरिंग फिरवून बघितलं, खरखर नव्हती. शाफ्ट परत बसवला, नवा नट घातला. चाक हवेत, मुलगा ब्रेक दाबून बसलेला, आणि टॉर्क रेंच कट् करून थांबेपर्यंत आवळलं. (हा कट् मात्र चांगला.) मग कड खाचेत ठोकली. चाक लावून वर-खाली धरून हलवलं, काहीही हललं नाही.

ते चालू असताना उजव्या बाजूचा बूटही दाखवला. घड्यांमध्ये बारीक चिरा होत्या, अजून फाटला नव्हता. तो बदलून घेतला, आत नवीन ग्रीस, नवीन क्लिपा. जॉइंट पिळून बघितले, दोन्हीकडे काही नाही. सगळं मिळून २,१५० रुपये.

ज्यांनी बेअरिंग बदललं होतं त्यांना फोन केला. "मॅडम, आम्ही नेहमी असंच करतो" म्हणाले. आता यावर काय बोलायचं!

चौथा_गिअर (ठाणे)

"नेहमी असंच करतो" हीच तर भीती आहे. बूट वेळेत बदललात ते फार चांगलं केलंत. चिरा पडलेला बूट काहीशे रुपयांत निघतो. तोच फाटून माती आत गेली की जॉइंट बदलावा लागतो आणि रकमेवर एक शून्य वाढतं. दर पावसाळ्यानंतर चाक पूर्ण वळवून मोबाइलच्या टॉर्चने घड्या बघायच्या, पाच मिनिटांचं काम आहे.

मी_नवीन_इथे (नाशिक)

वाचनखूण साठवली. माझं थोडं वेगळं आहे. माझी सीएनजीची गाडी आहे. गॅसवर असताना बॉनेटमधून सतत टकटक येते, अ‍ॅक्सिलरेटर दिला की वेग वाढतो. पेट्रोलवर टाकली की गायब. काही धोका?

पाना_पक्कड (सांगली)

बहुतेक नाही. सीएनजीचे इंजेक्टर पेट्रोलच्या इंजेक्टरपेक्षा जास्त वाजतात. गॅस द्यायला ते उघडतात-मिटतात आणि ते ऐकू येतं. पहिल्यापासून तसाच असेल तर सोडून द्या. अचानक वाढला असेल, किंवा सोबत गाडी झटके देत असेल, तर इंजेक्टर आणि गॅसचा फिल्टर तपासून घ्या. गॅसचा वास आला तर मात्र चालवत राहायचं नाही, लगेच गाडी थांबवून इंजिन आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि अधिकृत किटवाल्याला बोलवा.

टकटक फक्त सकाळी थंड इंजिनला येत असेल, जोर दिल्यावर वाढत असेल आणि गाडी गरम झाल्यावर कमी होत असेल, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी काळे डाग शोधा. तिथून धूर फुसफुसतो, आणि लोखंड तापून फुगलं की फट मिटते. त्यातली हवा केबिनमध्ये आली तर विषारी असते, त्यामुळे ते अंगावर काढू नका.

घाटवाट (चिपळूण)

आमच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपला गिअर टाकून क्लच सोडला की खालून ठण्ण, आणि हळू चालताना चिर्र चिर्र. कुंभार्ली चढताना वाढतं. तिला पुढे ड्राइव्ह शाफ्ट नाही, मग काय बघायचं?

आजोबांची_फियाट (दादर)

हा आमच्या काळचा आवाज! गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा सांधा. गाडी सपाट जागी, चारही चाकांमागे दगड, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. खाली जाऊन शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून बघा. क्रॉसच्या टोप्यांपाशी तांबडी भुकटी दिसली तर आतल्या सुया ग्रीसवाचून कोरड्या पडून गंजल्यात. चिर्र चिर्र त्यांचीच. थोडा मोकळेपणा डिफरन्शियलच्या दात्यांचाही असतो, तो क्रॉसच्या माथी मारू नका. क्रॉसच्या अलीकडे आणि पलीकडे बोटं ठेवून पिळा. एक बाजू आधी आणि दुसरी नंतर हलली तर क्रॉस गेला.

घाटवाट (चिपळूण)

भुकटी आहे. मागच्या क्रॉसला. उद्याच काढतो.

पाना_पक्कड (सांगली)

ग्रीस निपलवाला क्रॉस मिळाला तर तोच घ्या, म्हणजे पुढे ग्रीस गन लावता येईल. आणि शाफ्ट उतरवायच्या आधी फ्लँज आणि शाफ्ट दोन्हींवर रंगाची एकच खूण मारा. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर त्या सांध्यावरही. परत लावताना खुणा जुळवूनच लावा, नाहीतर क्रॉसचा आवाज जाईल आणि वेग घेतल्यावर सगळी गाडी थरथरायला लागेल.